सातेरीचा उजवा कौल

करंजखोल, ता. १२ जून १९५४

विश्राम,

बांद्याचा मुख्तार परवा कापडाचं दुकान बंद करून मुद्दाम चालत आपल्या घरी आला. हातात मुंबईचा पेपर. "दाजी, तुजो भाव बघ खंय जावन पोचलो!" अंगणातूनच ओरडला, म्हणजे शेजारच्या चार घरांनाही कळलं. फोटोत सतरा माणसं, सगळी कोटवाली. मागच्या रांगेत तिसरा तू. खाली मोठ्या साहेबांची नावं छापलीत आणि तुझी गणती 'व इतर' मध्ये केली आहे. तरी ओळखलं मी. बाबांचे कान घेतलेस तू, ते कोटात लपत नाहीत.

तुझं आठ पानी पत्रही पोचलं. हेग नावाच्या गावात पन्नासच्या वर देशांची माणसं जमली, आणि लढाईत देवळं, चर्चं, पुस्तकं, चित्रं यांना कुणी हात लावायचा नाही असा करार झाला, वाचलं. इटलीत डोंगरावरचा केवढा जुना मठ मागच्या लढाईत बाँब टाकून भुईसपाट केला, लोकांनी चित्रं मिठाच्या खाणीत नेऊन लपवली, हेही वाचलं. पन्नास वर्षांपूर्वी त्याच गावात असाच करार झाला होता, आणि त्यावर सही केलेल्यांनीच पुढे दोन लढाया केल्या, असं तूच लिहितोस. मग आता नव्या कागदाने काय होणार रे? म्हणे 'अगदीच नाइलाज झाला तर' सैन्याला सूट आहे. नाइलाज झाला की नाही हे ठरवणार कोण? ज्याच्या हातात तोफ तोच ना? तिथे कुणी विचारलं नाही हे? तू विचारणार नाहीस, तुझं काम टंकलेखनाचं. पण आठ पानांत तू असं लिहिलं आहेस, की तूच तो करार डोक्यावर घेऊन आलास.

मी चिडलो आहे असं समजू नकोस. मला वेळच कुठे आहे चिडायला? सकाळी ग्रामदेवी सातेरीची पूजा, मग गावाची गाऱ्हाणी, कौल, संध्याकाळी दिवा. सभामंडपातल्या आपल्या दहा फळ्यांवरची कोळिष्टकं मी काढतो. खापरपणजोबांनी रंगवलेले दहा अवतार जगाला किती मोलाचे आहेत, हे तू दिल्लीत सांगतोस. त्यांना वाळवी लागू नये म्हणून महिन्यातून एकदा शिडीवर मी चढतो.

तो पेपर आईने देव्हाऱ्यात ठेवला आहे. देवाच्या मागे नव्हे, पुढे.

आई बरी आहे.

दाजी


करंजखोल, ता. ४ सप्टेंबर १९५८

विश्राम,

तुझा जाडजूड लखोटा मिळाला. आपल्या सरकारनेही आता त्या कराराला मान्यता दिली, अभिनंदन. तुला बढती मिळाली, त्याचंही.

फॉर्म पाहिला. वर निळ्या-पांढऱ्या ढालीचं चित्र छान आहे. देवळाचं नाव, वय, फळ्या किती, लाकूड कुठलं, रंग कसले, कुणी काढल्या, सगळं भरायचं आणि गावच्या मानकऱ्यांच्या सह्या घ्यायच्या. मग तुमच्या खात्याची यादी होणार आणि देवळाला फलक लागणार. 'तयारी लढाई नसतानाच करायची असते, भाई. गोव्याचं काही खरं नाही, आणि आपलं गाव सरहद्दीपासून चार कोसांवर.' हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. बरोबर आहे ते. तू नेहमीच बरोबर असतोस, हेच तर माझं दुखणं आहे.

एक गोष्ट आज सांगून टाकतो, इतकी वर्षं पोटात ठेवली. बाबा गेले तेव्हा मी सातवीत होतो आणि तू चौथीत. मास्तर घरी येऊन आईला म्हणाले होते, दाजी फायनलला जिल्ह्यात वर येईल, त्याला काढू नका. पण देवीची पूजा थांबवता येत नाही आणि नऊ वर्षांच्या पोराला देवीपुढे गावाचं गाऱ्हाणं घालता येत नाही. मी शाळा सोडली. तू माझ्याच पाटीवर लिहीत गेलास, माझ्याच पुस्तकांना नवे पुठ्ठे घालून. तू सावंतवाडीला गेलास, मुंबईला गेलास, आणि मी शिडीवर चढलो. कुणी मला विचारलं नाही, कुणी तुलाही विचारलं नाही, तुझी चूक काहीच नाही. म्हणूनच कुणावर रागावू तेच कळत नाही.

फॉर्म मानकऱ्यांपुढे ठेवतो. पण देवीच्या वस्तूचा निर्णय माणसांनी करायचा नाही, कौल घ्यावा लागेल, हे तुला सांगायला नको.

आई बरी आहे.

दाजी


करंजखोल, ता. ९ ऑक्टोबर १९५८

विश्राम,

कौल झाला. सगळं गाव जमलं होतं, आईसुद्धा खांबाला टेकून उभी होती. देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या लावल्या, उजवी होकाराची, डावी नकाराची. नेहमीसारखंच गाऱ्हाणं घातलं. गावाने 'व्हय म्हाराजा' म्हटलं. कळी पडली.

देवी नको म्हणते.

मी काय करणार? भिवा गावकराने, आता तोच मुख्य मानकरी आहे, फॉर्म माझ्या हातात परत दिला आणि म्हणाला, "सातेरीक सरकारचो हात नुको. इषय संपलो." फॉर्म सोबत परत पाठवतो आहे, कोराच.

दिवाळीला येतो म्हणतोस. माझं ऐकशील तर इतक्यात येऊ नकोस. लोक जरा तापले आहेत. विश्राम देव सरकारला देऊ निघाला होता, असं बोललं जातं. निवळलं की कळवीन.

आई बरी आहे.

दाजी


करंजखोल, ता. २३ डिसेंबर १९६१

विश्राम,

गोवा सुटला. तुला दिल्लीत आधी कळलं असेल. आपल्या रस्त्याने दोडामार्गाकडे तीन दिवस नुसते ट्रक चालले होते. बाया रस्त्यावर उभ्या राहून जवानांच्या हातात नारळ, पोहे, केळी देत होत्या. शेजारच्या हौसाबाईने तर एका सरदारजीला ओवाळलं.

आता पुढचं लिहितो. एका दमात लिहितो, नाहीतर लिहिणं व्हायचं नाही.

सोळा तारखेला सकाळी एक कॅप्टन देवळापाशी आला. त्याला पेट्या ठेवायला कोरडी, छपराची जागा हवी होती. चपला काढून मंडपात आला, वर फळ्यांकडे बघत उभा राहिला, आणि हिंदीत मला विचारलं, "हे सरकारच्या यादीत आहे का? असेल तर तसं सांगा, मी दुसरी जागा बघतो." विश्राम, माणूस खरंच थांबला होता माझ्या उत्तरासाठी. तुझा कागद तुझ्या दिल्लीहून चालत माझ्या देवळाच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. मी म्हटलं, नाही, यादीत नाही.

मग गावच पुढे झालं. "आमच्या सैन्याक सातेरीच्या पायाकडे नाय तर खंय जागा देवची?" कॅप्टन नको नको म्हणत होता, पण भिवाने ऐकलं नाही. पेट्या उंच होत्या, फळ्यांखालून जाईनात. गावकऱ्यांनी स्वतः उत्साहाने फळ्या उतरवल्या. जवानांनी हातही लावला नाही. उतरवताना दोर सुटला आणि तीन फळ्या पायरीवर आपटून उभ्या तडकल्या. नरसिंह, परशुराम आणि कृष्ण. कॅप्टनला वाईट वाटलं. म्हणाला, "बाजूला ठेवा, आमचा सुतार आहे, पट्टी मारून आधीसारख्या करून देईल."

भिवा म्हणाला, "सरकारचो सुतार? सातेरीन अठ्ठावनातच सांगल्यान मां, सरकारचो हात नुको म्हणान!"

सगळ्यांनी माना हलवल्या. पुढचं तुला मी सांगायला हवं का? सरकारच्या सुताराने हात लावायचा नाही, आणि खंडित झालेला देव तर मंडपात ठेवता येत नाही. तीन अवतार गेले मग बाकीचे सात तरी एकटे कसे पुजायचे? सैन्य निघून गेल्यावर काल ढोल-ताशे लावून दहाही फळ्या नदीवर नेल्या. लाकूड तरंगतं म्हणून दगड बांधावे लागले. गुरव मी. दोऱ्या मीच बांधल्या.

एक तोफ उडाली नाही, एक शत्रू गावात आला नाही. तुमच्या करारात असल्या लढाईला काही कलम आहे का?

आई बरी आहे. काल नदीवर आली नाही.

दाजी


करंजखोल, ता. १९ जानेवारी १९६२

विश्राम,

तुझं पत्र आलं. तू मला शिव्या द्यायला हव्या होत्यास. तू लिहितोस, 'चूक माझी आहे भाई. नुसता फॉर्म पाठवला. स्वतः येऊन गावाला समजावलं असतं तर देवीनेही ऐकलं असतं. माझ्या दूर असण्याने फळ्या गेल्या.'

हे वाचून मी पडवीत बसून राहिलो. दुपारच्या जेवणालाही उठलो नाही. मला तुझा मत्सर वाटतो, विश्राम. लहानपणापासून वाटतो. तुझ्या कोटाचा, बढतीचा, तू न येताही या घरात सगळं तुझ्याच नावाने चालतं त्याचा. भाजी बरी झाली की आई म्हणते, विश्रामाला आवडली असती. कौलं शाकारली की म्हणते, विश्राम आला तर बघेल. मी समोर बसून जेवत असतो. पण त्या पत्रात तू माझं पापसुद्धा स्वतःच्या नावावर घेतलंस, आणि ते मात्र मला सहन होईना. ते तरी माझं राहू दे.

तर ऐक. त्या दिवशी मी गाऱ्हाणं नेहमीसारखं घातलं नव्हतं. विचारायचं होतं एवढंच, की 'फळ्यांची नोंद करून त्यांना राखणीचा फलक लावायचा आहे, तुझी मर्जी असेल तर उजवा कौल दे.' मी म्हटलं, "गे माये सातेरी, ह्यो तुजो गाव, ही तुजी लेकरां. कोण परको कागद दाखवून तुजो देव आपल्या ताब्यात घेवक बगता. तुका तुज्या लेकरांच्या हातातच रवाचा आसात तर उजवो कौल दी." गाव म्हणालं, व्हय म्हाराजा. उजवी कळी पडली. देवी कधी लेकरांना सोडून जाईन म्हणेल का? ती खरंच बोलली. प्रश्नच मी वाकडा विचारला होता. तो 'परका' म्हणजे तू. आणि दिवाळीला लोक तापले होते, तेही खोटं. कुणी तापलं नव्हतं. तू आलास तर दोन वाक्यांत सगळं उलटवशील, याची मला भीती होती.

आता हे तुलाच लिहून मोकळा झालो असतो, पण मुख्तारने तेवढ्यावर सोडलं नाही.

गेल्या सोमवारी तो देवळापाशी आला, बैलगाडीत मांजरपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. बांद्याच्या खाली नदीकाठच्या मुळांत एक फळी अडकली होती, बहुतेक दगडाची दोरी सुटली असावी. वामनाची फळी. रंग फुगलाय, एका कोपऱ्याचा गेलाय, पण डोळे शाबूत आहेत. मुख्तार उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "तुमचो देव आसा. माज्या दारात कसो ठेवू? घेवन इलंय." लोक जमले. भिवा त्याच्याशी चांगलंच बोलला, चहा दिला, पण माझ्याकडे वळून म्हणाला, "दाजी, परत सोडूक होयी. ह्या फावटी दोरी घट बांध."

कोणीतरी दोरी आणलीसुद्धा. माझ्या हातात दिली.

विश्राम, मी फार शूर वगैरे झालो नाही. माझे हात चालेनात, एवढंच. मी फळीवर आडवा हात ठेवून म्हटलं, "ही सोडायची नाही. अठ्ठावन्न सालचा कौल खोटा." मग तेव्हाच्या गाऱ्हाण्याचा शब्दन् शब्द सांगितला, आणि कागदात देव ताब्यात घ्यायचं काही नव्हतंच, नुसती नोंद होती, तो परका म्हणजे विश्राम, हेही सांगितलं, सगळ्यांसमोर. भिवा म्हणाला, "देवीच्या तोंडात तू आपला बोलणा घातलंस, दाजी? आमी व्हय म्हटला तां तुका म्हटला?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

कौल लावायचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे. पूजा माझीच, पण गाऱ्हाणं यापुढे आपला चुलतभाऊ शिवा घालेल. फळी तूर्त मंडपाच्या कोपऱ्यात मुख्तारच्याच मांजरपाटावर ठेवली आहे. खंडित वस्तू ठेवायची की नाही, हे देवीला नीट विचारायचं ठरलंय. पण भिवा म्हणाला, "विश्रामाक येवंदे. तेच्या समोर इचारूया. तेकाच परको म्हटला हा मां?"

म्हणजे आता गावही तुझीच वाट बघतंय. अजूनही जळतो रे मी, हे लिहितानासुद्धा. पण तू लवकर ये. पावसाळा लागला तर ते लाकूड टिकणार नाही, आणि ते कसं वाळवायचं हे मला ठाऊक नाही, तुला ठाऊक असेल.

दाजी


करंजखोल, ता. २१ जानेवारी १९६२

विश्राम,

परवाचं पत्र टपालात पडायचंच होतं, तेवढ्यात हे दुसरं त्यातच घालतो आहे. एक कबुली राहिली होती. या सगळ्या वर्षांत मी तुला पत्र लिहायला बसलो, की आई शेजारी येऊन बसायची आणि तुला काय काय लिहायचं ते सांगायची. कधी अर्धा अर्धा तास. मी मान हलवायचो आणि लिहायचो, 'आई बरी आहे.' तिला वाचता येत नाही. आज तिला म्हटलं, सांग, शब्दही गाळणार नाही. ती सांगते तसं लिहितो आहे.

'विश्रामा, झिला, तुजी आवस सांगता आणि दाजी लिवता. थंय थंडी खूप आसता म्हणतत. डोक्याक बांध काय तरी. जेवतंस मां येळार? तुजे कान लहानपणी सारके दुकत, तेल घालतंस काय?

तू येवक नाय म्हणान माका राग नाय. कित्याक नाय तां आज सांगतंय. दाजीन तेवा गाऱ्हाणा फिरवल्यान, तां माका थंयच कळला. खांबाकडे उबी होतंय मी. तुज्या बापाशीन बावीस वर्सां कौल लायले, माका गाऱ्हाणा आयकाक येता. थंयच्या थंय बोलाक होया होता. बोललंय नाय.

तू कागद घेवन इलंस आसतंस तर गाव तुजो झालो आसतो, आणि दाजी घर सोडून गेलो आसतो. माका तां दिसत होता. दोगांतलो एक तरी हाताशी रवाक होयो म्हणान मी गप रवलंय. देवीचे फळये गेले, तेत माजो पण वाटो आसा. दाजी एकटो नाय.

दाजीक ह्या आताच कळता हा. बग, तेचो हात थांबलो.

लिव रे. गाळू नुको. ह्यापण लिव.

आता तू ये. माका दोगांक एका पंगतीक जेवताना बगूचा आसा. भांडा होया तर, पण हय येवन भांडा.'